शेपटी फुटलेली लिंबं

मुलांनो, जरा डोळे मिटा. समोर एक रटरटणारं डबकं आहे. पाणी लिंबाच्या रसासारखं आंबट, वास नासक्या अंड्यांचा. तिथं कुणी राहील का? राहतं! आर्किया नावाचे एकपेशी जीव तिथं मजेत नांदतात. आणि आपल्याला सर्दीचा विषाणू गाठतो, तसे त्यांनाही त्यांचे विषाणू गाठतात!

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या अशाच एका डबक्याचा नमुना माझ्या लेकीला, कोरीनला, हवा होता. उद्यानानं परवानगी दिली एका थर्मासपुरती. दुसऱ्या दिवसापासून बर्फामुळे रस्ता बंद. मग थेट पुढचा उन्हाळा! शिवाय नमुना गार झाला, तर त्यातले आर्किया मरणार.

"काळजी सोड!" मी छाती फुगवून म्हणालो. "चाळीस वर्षं नमुने वाहिलेत मी. एकदासुद्धा घोटाळा नाही!"

थर्मास दोन, दोन्ही हिरवे. एकात नमुना, दुसऱ्यात एल्क हरणाचं मांस आणि राजमा घातलेलं सूप. त्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाफेनं गळून पडल्या. पण मला चिठ्ठ्या कशाला! हातात तोलून ओळखले. वाटेत बर्गर हाणले, त्यामुळे सूप उरलं. एक थर्मास प्रयोगशाळेत पोचवला, दुसरा घरी ओट्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या नऊ वर्षांच्या नातीनं, विलानं, तो उघडला.

"ई! आजोबा, या सूपमध्ये कोण मेलंय?"

तेवढ्यात फोन खणाणला. कोरीन!

"बाबा, माझ्या नमुन्यात राजमा आहे! रात्रभर पंच्याऐंशी अंशांवर शिजवलाय मी!"

आम्ही थर्मास घेऊन धावलो. मी तर असा धावलो, की दांडग्या बायसन रेड्यानंही वाट दिली असती! पण पाणी गार पडलं होतं. कोरीननं एकही आर्किया जिवंत नसल्याचं सांगितलं आणि ती मटकन खुर्चीत बसली. तिचं वर्षभराचं काम मी ओट्यावर थंड केलं होतं.

"विषाणू तरी बघ ना, आई," विला म्हणाली.

मोठ्या सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर चित्र उमटलं. इवलीइवली लिंबं!

"हे विषाणू? लिंबासारखे?" विलानं विचारलं.

"काही लिंबासारखे, काही बाटलीसारखे, काही काडीसारखे. असे आकार दुसरीकडे क्वचितच दिसतात."

"गारठलेत बिचारे. ऊब दे की!"

"अगं, पेशीबाहेर विषाणू काही करत नाही. नुसता पडून राहतो."

"मग ऊब दिली तर बिघडलं कुठं?"

कोरीननं नमुना पुन्हा तापवायला ठेवला.

सकाळी पडद्यावर बघतो तर काय! प्रत्येक लिंबाला दोन्ही टोकांना शेपट्या! पेशी नाही, कुणाची मदत नाही, नुसत्या उबेवर वाढलेल्या!

"बाबा!" कोरीन ओरडलीच. "असा विषाणू इटलीत सापडला होता. आपल्याकडे असेल असं वाटलंच नव्हतं मला!"

"पण हे आले कुठून?" विलानं विचारलं.

"नक्की कुणालाच माहीत नाही. यांची बरीचशी जनुकं कुणाशीच जुळत नाहीत. कदाचित फार फार जुनं घराणं असेल."

"कुणालाच नाही?" विलाचे डोळे चमकले. तिनं स्टूल ओढलं, पडद्यासमोर बसली आणि शेपट्या मोजायला लागली.

मीही कौतुकानं पुढे सरकलो. तिनं मान न वळवताच हात आडवा धरला.

"आजोबा, तुम्ही कशालाही हात लावू नका!"