हद्दीबाहेरचा अंक

कोरेगावच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली की आबासाहेब खिडक्यांखालून फिरत. कुणाच्या हातात त्यांचं स्वतःचं साप्ताहिक दिसलं, की ते परत मागून घेत. "वाचून झालं न्हवं? द्या हिकडं. ह्यो अंक तालुक्याभायेर जायाचा न्हाई." खप वाढावा म्हणून धडपडणारे संपादक मी पुष्कळ पाहिले. खप अडवायला स्टँडवर उभा राहणारा हा एकच.

त्याला कारण होतं. एकदा त्यांनी छापलं, की कुंडलच्या एका गुरुजींची पेटी भजनात बेसूर वाजली. एक अंक कसा कोण जाणे कुंडलला पोचला, चौघांनी वाचला, आणि गुरुजींनी थेट सांगलीच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. सहा वर्षं आबा तारखांना सांगलीला जात होते. "जितं वाचलं तितं अब्रू गेली, आन् जितं अब्रू गेली तितलं कोर्ट," हे तेव्हापासून ते भेटेल त्याला ऐकवत.

साताऱ्यात माझं संगणकाचं दुकान होतं, त्यांचा अंक मीच जुळवून देई. नव्व्याण्णव साली मी म्हटलं, "आबा, अंक इंटरनेटवर टाकू या."

"तितं कोण वाचतंय?"

"कुणीही. सांगली, दिल्ली, अमेरिका."

आबांचा चेहरा उतरला. "मंग दावा कुटं लागंल रं?"

"ते अजून वकिलांनाही धड माहीत नाही. कुठंही लागेल म्हणतात."

मला वाटलं, संपला विषय. आठ दिवस आबा फिरकलेच नाहीत. मग आले ते चिठ्ठी घेऊन. "टाक. पर ही बातमी पयली." बातमी एका ओळीची होती: कुंडलच्या गुरुजींची पेटी अजूनही बेसूरच आहे.

"आबा, आता नोटीस येणार बघा."

"येऊ दे की."

नोटीस आली नाही. पोस्टमन ती दाबून बसलाय, असा आबांना दाट संशय. तिसऱ्या महिन्यात मी खोदून विचारलं, तेव्हा कुठं ते बोलले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, वारल्या त्याच वर्षी दावा लागला होता. तारखेला गुरुजी घरून आबांच्या वाटणीच्या दोन भाकऱ्या आणत. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली वादी-प्रतिवादी जेवायला बसत, आणि पुढची तारीख मिळाली की दोघंही खूश. वैतागायचे ते वकील. शेवटी न्यायाधीशांनी तडजोड घडवून आणली, आणि अंक तालुक्याबाहेर जाऊ देणार नाही असं आबांकडून लिहून घेतलं.

"लय लवकर मिटवला गड्या," आबा म्हणाले.

"मग नुसतं भेटायला जा की."

"काय म्हणून जाऊ? कामाबिगर कुनाच्या दारात कवा उभा न्हाई ऱ्हायलो."

इतके दिवस त्यांची थट्टा केली याचं मला फार वाईट वाटलं. ते पडद्यावरच्या त्या एका ओळीकडं बघत होते.

"कुंडलात पोचलंय व्हय हे?"

"अजून नाही, आबा. तिथं इंटरनेट यायला तीन-चार वर्षं जातील."

"गुरुजींस्नी ऐंशीवं लागलंय," ते म्हणाले. "तवर थांबत्याल का रं?"