पाठ दाखवला की दाखवली

आमच्या वार्तापत्रात चूक शोधायची असेल तर भिंग घेऊन या, आणि सोबत डबाही आणा, कारण दिवस तिथेच जाईल, असं वेलांटीबाई कुणालाही ऐकवत. आणि त्यात खोटं काही नव्हतं. विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयाचं ते चार पानी वार्तापत्र त्या अकरा वर्षं एकहाती काढत होत्या. भावी शिक्षकांना भाषा कशी शिकवावी हे शिकवणं हा त्यांचा पेशा, आणि दिसेल ते दुरुस्त करणं हा स्वभाव. एका दुकानाच्या पाटीवरचा ऱ्हस्व उकार दीर्घ करायला त्या एकदा स्टुलावर चढल्या होत्या, आणि स्टूल दुकानदारानेच धरलं होतं. विद्यार्थ्यांनी आपलं नाव वेलांटीबाई ठेवलंय हे कळलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की त्यातली टी दीर्घ लिहिता ना?

वार्तापत्राचं शेवटचं पान म्हणजे त्यांचा जीव. त्याचं नाव ‘बातम्या आणि यश’. कुणाला डॉक्टरेट मिळाली, कुणी कुठल्या परिषदेत निबंध वाचला, कुठली विद्यार्थिनी पहिली आली, सगळं त्या पानावर. बाई ओळीला ओळ लावत, फुलाला फूल लावावं तशा, आणि दर तीन महिन्यांनी ती माळ दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडे. घरी त्यांची आई ते पान खिडकीशी बसून वाचायची. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवायची आणि दर वेळी तोच प्रश्न विचारायची, की यात तू कुठे आहेस गं? बाई म्हणत, संपादक शेवटच्या ओळीत असते, बारीक अक्षरात. आई म्हणे, मला बारीक दिसत नाही.

त्या वर्षी कुलगुरूंचं पत्रक आलं. सात महाविद्यालयांची सात वार्तापत्रं कशाला, पुढल्या वर्षापासून साऱ्या विद्यापीठाचं मिळून एकच निघेल. येत्या अंकांवरून त्याचा संपादक निवडला जाईल. संपादकाचं नाव पहिल्या पानावर, ठळक अक्षरात.

बाईंनी पत्रक दोनदा वाचलं. पहिल्यांदा चुका शोधायला, दुसऱ्यांदा मजकुरासाठी.

अंक जुळला. तीन पानं आरशासारखी लख्ख. चौथ्या पानावर मात्र सहा ओळींची जागा रिकामी राहिली. पडलेल्या दातासारखी ती जागा बाईंकडे बघत राहिली. त्यांनी सहकाऱ्यांच्या खोल्या पालथ्या घातल्या, पण यशाचं पीक त्या तिमाहीत जरा बेतानंच आलं होतं. शेवटी त्या कचेरीत गेल्या. मूल्यमापन शिकवणारे सर आठवडाभर दिसले नव्हते. ते कुठे परिषदेला वगैरे गेलेत का, असं त्यांनी कारकुनाला विचारलं. कारकुनाने मान वर न करता एक चिठ्ठी पुढे सरकवली. सरांच्या घरून आलीय, म्हणाला, त्यांच्या मिसेसनी लिहिलीय.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या इमारतीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच शब्द घुमतो, तो म्हणजे पाठ. शिक्षक होऊ पाहणाऱ्याने शाळेत जाऊन वर्ग घ्यायचा, तो पाठ. किती पाठ झाले, किती राहिले, कुणाचा पाठ पडला, कुणाचा रंगला. मागे बसून वहीत शेरे लिहायचे, ते पाठाचं निरीक्षण. अकरा वर्षं तिथे काढल्यावर माणसाला मानेखाली आणि कमरेवर आणखी एक पाठ असते, याचा विसर पडला तर नवल नाही.

चिठ्ठीत लिहिलं होतं: ‘आधी कळवल्याप्रमाणे ह्यांनी काल तज्ज्ञांना पाठ दाखवली. तिघांनी मिळून बारकाईने तपासली. आधीपेक्षा पुष्कळ सुधारणा आहे म्हणाले. पाठ सरळ ठेवायची आणि अजिबात वाकायचं नाही, असं बजावलंय. महिन्याने परत बोलावलंय. तरी रजा आठ दिवस वाढवून मिळावी.’

आधी जे कळवलं होतं ते, डॉक्टरांच्या दाखल्यासकट, त्याच कारकुनाच्या खणात होतं. बाईंनी ते मागितलं नाही. त्यांचे डोळे ‘दाखवली’वर अडकले होते. मूल्यमापन सरांच्या घरात पाठाचं लिंग माहीत नसावं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. पर्समधून लाल पेन निघालं. दाखवलीचं दाखवला झालं, तपासलीचं तपासला, ठेवायचीचं ठेवायचा, आणि चिठ्ठी पर्समध्ये गेली. रजेची ओळ त्यांनी वाचली, नाही असं नाही. तिघा तज्ज्ञांपुढे पाठ द्यायचा म्हणजे माणूस थकणारच, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

सहा ओळी भरल्या: ‘आमच्या महाविद्यालयाच्या मूल्यमापन विभागप्रमुखांनी नुकताच तीन तज्ज्ञांच्या समितीला आपला पाठ दाखवला. समितीने तो बारकाईने तपासून लक्षणीय सुधारणा झाल्याचे मान्य केले. पाठ नेहमी सरळ ठेवावा आणि कोणापुढेही वाकू नये, असा मोलाचा संदेश तज्ज्ञांनी दिला. महिन्याने त्यांना पुन्हा सन्मानपूर्वक पाचारण करण्यात आले आहे.’

अंक गेला. चौथ्या दिवशी प्राचार्य बाईंच्या खोलीत स्वतः चालत आले, आणि हे त्या खोलीच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. कुलगुरूंना बातमी फार आवडली होती. कोणापुढेही वाकू नये, हे वाक्य त्यांनी म्हणे फोनवर दोनदा म्हणून दाखवलं. तो पाठ त्यांना स्वतः बघायचा होता. गुरुवारी, मोठ्या वर्गात, सगळ्या विद्यार्थ्यांसमोर. आणि जाता जाता प्राचार्य एवढंही म्हणाले, की संपादकपदाचं तुमचं जवळजवळ ठरल्यासारखंच आहे, बाई.

बाई त्या दिवशी बसमध्ये उभ्याने गेल्या, बसायला जागा असून. त्यांच्या लक्षातच आलं नाही.

इकडे प्राचार्यांनी सरांच्या घरी फोन लावला. तो वहिनींनी घेतला. गुरुवारी महाविद्यालयात कुलगुरूंना सरांचा पाठ बघायचाय, असं प्राचार्य म्हणाले. पण वहिनी त्या वेळी कुकरजवळ उभ्या होत्या आणि शिट्टी झाली. त्यांच्या कानात गुरुवारी, महाविद्यालयात, कुलगुरू, पाठ आणि बघायचंय एवढंच शिरलं. त्यांनी आत जाऊन गादीवर पालथ्या पडलेल्या नवऱ्याला सांगितलं, की तुमची पाठ खरंच दुखते का, हे बघायला गुरुवारी महाविद्यालयात कुलगुरू येणार आहेत.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकदाच खोटी रजा घेतली होती. बावीस वर्षांपूर्वी, मेहुण्याबरोबर सामना बघायला. आणि कारण लिहिलं होतं पाठदुखी. ते प्रकरण आता वर आलं, अशी त्यांची खात्री पटली. मी ती रजा घेतली तेव्हा पाठ चांगली होती हो, असं ते उशीत तोंड खुपसून म्हणाले. वहिनी म्हणाल्या, मग आता वाईट आहे ना, ती दाखवा आणि मोकळे व्हा.

गुरुवारी मोठा वर्ग खचाखच भरला. चाळीस विद्यार्थी निरीक्षणाच्या वह्या उघडून बसले. पहिल्या रांगेत कुलगुरू, शेजारी प्राचार्य. तिसऱ्या रांगेत वेलांटीबाई, नवी साडी, मांडीवर अंक. दारातून सर आले ते लाकडी पट्टीसारखे ताठ. कमरेला रुंद पट्टा, काखेत मोठं पाकीट.

प्राचार्य म्हणाले, प्रस्तावना नको सर, साहेबांना वेळ कमी आहे. थेट पाठच दाखवा.

“इथे? सगळ्यांसमोर?” सरांनी हळूच विचारलं.

“सगळ्यांसमोरच. मुलं टिपून घेतील.”

सरांनी एक उसासा टाकला आणि वर्गाकडे पाठ केली. चाळीस पेन्सिली एकदम चालल्या. ‘शिक्षक वर्गाकडे पाठ करून उभे राहिले, सुधारणेस वाव.’ मग त्यांनी पाकिटातून एक्स-रे काढून खिडकीच्या काचेला लावला आणि बोटाने दाखवायला सुरुवात केली. हा चौथा मणका, हा पाचवा, आणि यांच्यामधली ही जागा आहे बघा, ती पूर्वी जास्त होती. कुलगुरू पुढे सरकून बसले. शैक्षणिक साधन उत्तम आहे, असं ते प्राचार्यांच्या कानात म्हणाले. सरांनी पट्टा सोडून सदरा खांद्यापर्यंत वर उचलला, तेव्हा तर त्यांनी मान डोलावली. शिक्षकाने स्वतःचा देहच साधन करावा, याच्यापुढे काय असतं?

वेलांटीबाईंचा आनंद मावेना. विषय जरा शास्त्राकडचा होता, पण भाषा स्वच्छ होती.

“वाकलो की दुखते,” सर भिंतीला सांगत होते. “बसलो की दुखते. साहेब, आत्ता उभा आहे तरी दुखतेय.”

दुखते? बाईंचा हात सवयीने पर्समधल्या लाल पेनाकडे गेला. पाठ दुखतो, असं म्हणावं का? हात तसाच थांबला. पाठ दुखतो असं कुणीच म्हणत नाही. पाठ दुखते. दाखवली. तपासली. सरळ ठेवायची. पर्सच्या तळाशी ती चिठ्ठी अजून होती. बाईंनी ती उघडली. लाल रेघांखाली वहिनींची अक्षरं शांतपणे बसली होती, एकूण एक बरोबर.

तेवढ्यात सर वळले. सदरा अजून वरच होता. “झाली ना साहेब खात्री?” ते म्हणाले. “आता तरी रजा मंजूर करा. त्या सामन्याचं म्हणाल तर तेव्हा मी तरुण होतो.”

काचेवरून एक्स-रे घसरून खाली पडला.

ही बातमी कुणी लिहिली, असं कुलगुरूंनी विचारलं. तिसऱ्या रांगेत बाई उभ्या राहिल्या. चिठ्ठीवर ढकलता आलं असतं. चिठ्ठी कुणी पाहिली होती? पण जाणूनबुजून खोटा मजकूर त्यांच्या हातून कधी गेला नव्हता. त्या म्हणाल्या, “चिठ्ठीत बरोबर होतं, सर. मी दुरुस्त केलं.”

कुलगुरू आधी हसले नाहीत. मग हसले ते डोळे पुसेपर्यंत. रजा त्यांनी तिथेच मंजूर केली. बाईंना म्हणाले, चूक कबूल करणारा संपादक मला हवाच आहे. पुढच्या आठवड्यात एका ओळीचं शुद्धिपत्र काढा, सातही महाविद्यालयांना पाठवा, मग बाकीचं बघू.

अकरा वर्षांतलं पहिलं शुद्धिपत्र. बाईंनी त्याचे चौदा कच्चे खर्डे केले. सरांच्या दुखण्याचा गावभर बोभाटा नको, म्हणून दुखण्याचा उल्लेख गाळला. खुलासा नको, लांबण नको. शेवटी एक स्वच्छ, सडसडीत ओळ उरली. ‘मागील अंकात मूल्यमापन विभागप्रमुखांनी तज्ज्ञांच्या समितीला पाठ दाखवला असे छापले आहे, ते समितीला पाठ दाखवली असे वाचावे.’ ऱ्हस्व, दीर्घ, लिंग, वचन, विभक्ती, सगळं जागच्या जागी. सात महाविद्यालयांत सातशे प्रती गेल्या.

सकाळी आई खिडकीशी बसून वाचत होती. बोट ओळीच्या शेवटी थांबलं.

“अगं, हे पळून गेले होय?” आई म्हणाली. “एवढे मोठे सर, आणि तीन माणसांना घाबरले?”

बाईंनी चहा ठेवून ती ओळ पुन्हा वाचली. पाठ दाखवली. शत्रूला दाखवतात ती.

त्या पोचेपर्यंत कचेरीतला फोन तापला होता. शेतकी महाविद्यालयाने विचारलं होतं, समितीने सरांना केलं तरी काय? वैद्यकीयवाल्यांना ते कुठल्या दाराने पळाले हे हवं होतं. पाठोपाठ कुलगुरूंच्या कचेरीचं दोन ओळींचं पत्र आलं. नव्या वार्तापत्राचं काम शेतकी महाविद्यालयाच्या संपादकांकडे सोपवलं आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार. शेतकीच्या गेल्या अंकात पहिल्याच पानावर सतरा चुका होत्या. बाईंनी मोजल्या होत्या. पण त्यांच्या अंकात निदान कुणी पळालं नव्हतं.

दुपारी वहिनींचा फोन आला. आवाज चढा नव्हता, थकलेला होता. सकाळपासून घरी माणसं येतायत, त्या म्हणाल्या. हे कुणापासून पळाले, विचारतायत. बाई, ह्यांना धड जिना उतरता येत नाही हो, पळणार कसे?

बाईंनी माफी मागितली, अगदी मनापासून. मग त्या जरा सावरल्या आणि घाईघाईने म्हणाल्या, “वहिनी, मी उद्याच दुसरं शुद्धिपत्र काढते. सविस्तर.”

“नको,” वहिनी म्हणाल्या. “आता तेवढी आमची पाठ सोडा.”

फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ ते वाक्य मनात घोळवत बसल्या. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.