तेजस्विनी एक्स्पायर झाली

डोमेन कशाशी खातात हे अख्ख्या नाशकात आपल्याला एकट्यालाच कळतं, असं संतोष पगारचं ठाम मत होतं. इंदिरानगरात काकांच्या गॅरेजमध्ये त्याचं ऑफिस. एक कॉम्प्युटर, एक टेबलफॅन, बाहेर 'वेब कन्सल्टंट' अशी पाटी. कुठल्या क्लासला न जाता, मासिकांबरोबर फुकट येणाऱ्या सीड्यांवर तो शिकला होता. त्यामुळे डिग्रीवाल्यांना तो मोजायचा नाही, आणि बाकीच्यांना तर माणसात धरायचा नाही.

गिऱ्हाइकंही तशीच भेटायची. एकजण म्हणाला, "वेबसाइट फ्लॉपीत भरून द्या, घरी निवांत बघतो." दुसरा होस्टिंगला पोस्टिंग म्हणायचा. देवळाली कॅम्पात मेहुणा फौजेत आहे, त्याच्या ओळखीनं लवकर मिळेल का, अशी त्याची चौकशी.

वेळेवर पैसे देणारा माणूस एकच. सातपूरचे कारभारी बोडके. 'तेजस्विनी स्प्रिंग्ज' हा त्यांचा कारखाना. तेजस्विनी ही त्यांची एकुलती लेक, पुण्याला हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करत होती. साइट काढायच्या वेळी कारभारी शेठनी भाबडेपणानं विचारलं होतं, "संतोष, हे डोमेन डोमेन म्हणतो ते काय असतं रे?"

"शेठ, ते टेक्निकल आहे. तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता?"

मराठीत समजावून सांगितलं तर गिऱ्हाइकाला वाटतं, एवढं सोपं आहे तर पैसे कशाचे? हा संतोषचा धंद्याचा नियम होता.

आणि त्या बुधवारी सकाळी त्यानं शेठची साइट उघडली, तर स्प्रिंगा गायब. त्या जागी पाठीला दप्तर लावलेली एक गोरी पोरगी हसत उभी, आणि खाली लिहिलेलं, हे डोमेन एक्स्पायर झालंय. मुदत संपत आल्याच्या ईमेल दोन महिने येत होत्या. संतोषनं एकही उघडली नव्हती. दुसऱ्या दिवशी मुंबईची पार्टी साइट बघून मगच कारखान्यावर येणार होती. त्यांनी ही गोरी बघितली की शेठची ऑर्डर जाणार, आणि शेठ गेले की संतोषला सातपुरात कोण उभं करणार?

चूक आपली असली की आवाज चढवायचा, हा धंद्याचा दुसरा नियम. त्यानं कारखान्यावर फोन लावला. गेटवरच्या केरूनं उचलला.

"शेठना दे."

"मालक मशीनवर हायेत. काय निरोप?"

"सांग, तेजस्विनी एक्स्पायर झाली."



"कंची तेजस्विनी, सायेब?"

"किती तेजस्विनी आहेत रे तुमच्याकडे? तुमचीच! काल रात्री एक्स्पायर झाली. होस्टवर सगळं जागच्या जागी पडलंय, त्याची काळजी नाही. थोडे दिवस ठेवतात. नाहीतर मग कोणीपण उचलून नेतं. शेठना म्हणावं, आजच्या आज फोन करा."

"हास्टेलवर पडलंय?" केरूनं डोक्यावरची टोपी काढत विचारलं.

"हो, हो! अडाणी साले," असं म्हणत संतोषनं फोन ठेवला आणि लगेच त्याच लाइनवर इंटरनेट लावलं. म्हणजे आता जगात कोणीही फोन केला तरी एंगेजच.

केरू पेठ तालुक्यातला, मायेचा माणूस. उपाशीपोटी असा निरोप कुणाला देऊ नये, एवढी रीत त्याला ठाऊक होती. शेठचा डबा संपेपर्यंत त्यानं निरोप पोटातच ठेवला. शेठनी हात धुतले आणि केरू त्यांच्या पायांशी बसून हंबरडा फोडता झाला.

पुढचं भराभर झालं. संतोषचा फोन एंगेज. हॉस्टेलच्या रेक्टरबाई म्हणाल्या, "ती खोलीत नाहीये, सकाळपासून दिसलीही नाही." मशीनं बंद झाली. कोणी जीप आणायला पळालं, कोणी शेठच्या नाकाला कांदा लावला.

शेठचा फोन येईना म्हणून संतोषच लुनावर बसून सातपूरला आला. बघतो तर सगळे कामगार आवारात खाली मान घालून बसलेले, शेठच्या डोळ्यांना धार. त्याचा ऊर भरून आला. नाशिकला अखेर इंटरनेटची किंमत कळली तर!

"शेठ, एवढं मनाला लावून घेऊ नका," त्यानं पाठीवर हात ठेवला. "वेळेवर लक्ष दिलं नाही की असंच होतं. आणि हीच पाहिजे असा हट्ट कशाला? हिच्यासारखी दुसरी घेऊन देतो की मी!"

शेठनी वर बघितलं. "दुसरी?"

"स्वस्तात. आत्ताच बघून आलोय, मोकळी आहे."

केरूनं त्याची कॉलर धरली तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला. शेठनी उचलला.

"बाबा, मी तेजू. रेक्टर मॅडम म्हणाल्या, तुमचे सारखे फोन येतायत. मी प्रॅक्टिकलला होते. काय झालं?"

शेठ मटकन खुर्चीत बसले. "काय नाय बाळा. जेवलीस का?" एवढंच बोलले, फोन ठेवला आणि संतोषकडे वळले. "आता सांग. मराठीत."

संतोषनं पहिल्यांदाच धंद्याचा नियम मोडला. "शेठ, डोमेन म्हणजे गेटवरची नावाची पाटी. होस्टिंग म्हणजे आतला गाळा. तुमच्या पाटीची मुदत संपली. गाळा शाबूत आहे, माल आतच आहे."

"मग 'पाटीची मुदत संपली' म्हणायला जीभ झडली होती का तुझी?"

"धंद्यात तसं म्हणतात, शेठ. एक्स्पायर."

"आन हे दरसाल होतं?"

"रिन्यू नाही केलं तर होतं."

"म्हंजे माझी पोरगी दरसाल मरणार आन तू निरोप धाडणार!" शेठनी कपाळावर हात मारला. मग जरा विचार केला. "पाटी बदल. आजच्या आज, तुझ्या पैशानं. तुझं नाव लाव."

"माझं?"

"दरसाल कोणीतरी एक्स्पायर व्हायचंच ना? मग तू हो."

पाटी त्याच दिवशी लागली. शेठनी मुंबईला फोन करून साइटचा नवा पत्ता कळवला. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या पार्टीनं 'संतोष स्प्रिंग्ज' बघितलं आणि विचारलं, संतोष कोण? शेठ म्हणाले, "हाय एक. वर्षाच्या बोलीवर." ऑर्डर मिळाली.

संतोष सुधारला. गिऱ्हाइकाला पाटी आणि गाळा असं मराठीतच सांगायला लागला. फक्त ईमेल उघडायची सवय काही लागली नाही. पुढच्या वर्षी एका सकाळी तो आंघोळीला गेला होता. घरातला फोन वाजला. आईनं घेतला. तिकडून सांत्वनाचा, मऊ आवाज आला.

"माय, जेवण झालं का तुमचं? झालं? बरं झालं. मी सातपूरहून केरू बोलतो. तुमचा संतोष एक्स्पायर व्हायला आलाय. मालक इचारतायत, ठेवायचा का जाऊ द्यायचा?"