मास्तरले सांगू नोका, बाई

आमचे शेजारी शेंडेभाऊ स्वतःच्याच घरातून चोरासारखे निघतात. चपला हातात, धोतर वर खोचलेलं, मागच्या दाराने, केळीच्या आडून. पिशवी आदल्या संध्याकाळीच माझ्या ओसरीवर येऊन पडलेली असते, कारण पिशवी दिसली की मास्तरला समजतं आणि तो गळा काढतो.

मास्तर म्हणजे त्यांचा कुत्रा. आता मी सिंदेवाहीच्या शाळेतली बाई, आणि कुंपणापलीकडून दिवसभर काय ऐकायचं, तर "मास्तर, चाटू नोको!", "मास्तर, खाली बस!" माझा किती संताप होत असेल, तुम्हीच सांगा. एकदा विचारलंच, हेच नाव काऊन ठेवलं? तर म्हणाले, "काहीच काम करत नाई, पन सगळ्यायवर नजर ठेवते ना बाई!"

भाऊंची सारी उमर धानाच्या बांध्यांवर राखण करण्यात गेली. रानडुकरं हाकलली, एकदा अस्वल समोर उभं राहिलं तरी म्हणे तोंडातली विडी पडली नाही. असा माणूस, पण कुत्र्याला एकटं ठेवायचं म्हटलं की हातपाय गळाले. बायको शांता वारल्यापासून घरात हे दोघंच. आणि भ्यायला कारणही आहे. आमच्याकडे बिबट्या गावात येतो तो कुत्र्यासाठीच. ओट्यावर साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट.

म्हणून मास्तरच्या गळ्यात साखळी नाही. "बांधला तं पळन कसा?" त्याला घरात ठेवायचं, खिडकीला बांबूची तट्टी लावायची, पाणी जड पितळी घंगाळात, म्हणजे लवंडायला नको. चुलीतला विस्तव विझवायचा, सुतळीचा तुकडासुद्धा उचलून ठेवायचा, न जाणो गिळला तर! वर रेडिओ चालू. घरात माणसं आहेत असं बिबट्यालाही वाटावं आणि मास्तरलाही. "शेतीचा कार्यक्रम त्याले लय आवडते." एवढं झालं की कडी लावायची, ओढून पाहायची, जरा पुढे जायचं, आणि परत येऊन ओढून पाहायची.

मी हसण्यावारी नेलंही असतं. पण भाऊंच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, आणि चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आता चालढकल केली तर डोळा हातचा जाईल. ऑपरेशनला निघाले आणि वाटेतल्या मूल गावाला उतरून परत आले. "कडी लावली का नाई, ध्यानातच येऊन नाई राह्यलं." पुढच्या खेपेला मी रजा टाकून सोबत गेले. बस जंगलातून चाललेली, आणि ह्यांचं एकच, "रेडिओचे सेल टिकतीन ना बाई?" मूलच्या स्टँडवर मी पाणी प्यायला उतरले, तेवढ्यात हे सिंदेवाहीच्या गाडीत! वर खिडकीतून मलाच हात करताहेत. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग मीच ठरवलं, मास्तरपाशी आपण राहायचं आणि दवाखान्यात भाऊंसोबत त्यांचा पुतण्या. तरी निघायच्या सकाळी भाऊ मागच्या दाराशी चपला हातात घेऊन उभे, आणि कुजबुजत सांगताहेत, "मास्तरले सांगू नोका, बाई."

माझं डोकंच फिरलं. "काऊन नाई सांगाचं? समोरच्या दारानं 'येतो' म्हणा अन् निघा ना! डोळाच गेला तं मंग त्याले कोण पाहीन?"

भाऊ मटकन उंबऱ्यावर बसले. मास्तर आला आणि त्यांच्या गुडघ्यावर नाक टेकून उभा राहिला.

"शांता त्याले सांगून गेली होती," ते म्हणाले. "दवाखान्यात नेलं तईं. त्याच्या डोस्क्यावर हात ठेवला अन् म्हने, येतो रे मास्तर. हा फाटकाशीच बसून राह्यला. जेवे नाई. अन् मी एकटाच आलो ना बाई. हा माह्या मागं पाहे, कोनी हाय का म्हून."

मग म्हणाले, "आता मी येतो म्हनलं, अन् नाई आलो तं?"

इतके दिवस मी समजत होते, ह्यांना बिबट्याची धास्ती आहे! माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि रडूच यायला लागलं. "भाऊ, डोळ्याचं ऑपरेशन आहे. तुम्ही याल," एवढंच मी म्हणाले.

भाऊ उठले. चपला पायात घातल्या, समोरच्या दाराने बाहेर आले, मास्तरच्या डोक्यावर हात ठेवला. "येतो रे मास्तर."

मास्तर रडला नाही. फाटकाशी जाऊन बसला. दिवसभर हलला नाही, म्हणून मी रेडिओ बाहेर आणला आणि त्याच्याजवळ बसून शेतीचा कार्यक्रम ऐकला. अंधार पडायच्या आत मात्र उचलून घरात नेलं. रोज हाच क्रम. भाकरी तशीच पडून.

आठवड्याने डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले भाऊ चाचपडत फाटकाशी आले. मास्तर उठला. आधी त्याने त्यांच्या मागे पाहिलं, रस्त्याच्या वळणापर्यंत. मग त्यांच्याकडे पाहिलं.

भाऊ खाली बसले आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"एकटाच आलो रे," ते म्हणाले. "पन आलो ना."