पुढचं कुंपण, मागचं कुंपण

यंत्राचा घर्रर्र आवाज पुढच्या बाजूने यायला हवा होता आणि तो मागच्या बाजूने येत होता. लाँड्रीवाल्याने गिऱ्हाइकाचा कोट काउंटरवर तसाच टाकला आणि कान टवकारले. आत बायकोने इस्त्री हवेतच धरली.

"अहो, छोटू पुढेच आहे ना?"

"मी पुढचंच काप म्हणून सांगितलंय त्याला."

"मग हा आवाज मागून कसा येतोय?"

उत्तर द्यायला लाँड्रीवाला थांबलाच नाही. धुतलेल्या चादरींच्या ट्रॉल्या चुकवत, साबणाच्या पिंपाला गुडघा आपटत तो मागच्या दारातून अंगणात आला, आणि आला तसा पायरीवर मटकन बसला. त्याच्या मागून धावत आलेली बायको त्याच्यावर पडता पडता वाचली.

अंगणाच्या टोकाला, शेजारच्या घराच्या हद्दीवर, काल संध्याकाळपर्यंत डोक्याच्या वर गेलेलं गच्च हिरवं कुंपण होतं. आता तिथे गुडघ्याएवढी खुंटं होती. सगळी एका रेषेत, अगदी मापात. आणि त्या खुंटांपुढे छोटू उभा होता, मानेवरची पानं झटकत, कलेच्या समाधानात.

छोटू म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणून छोटू, एरवी दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच. त्याचं बाजारात सलून होतं. आज बहिणीकडे कामाचा दिवस म्हणून तो सलून बंद ठेवून, फांद्या कापायचं विजेचं यंत्र कुणाकडून तरी मागून घेऊन आला होता.

"भावोजी, बघा. कुठे एक पान पुढे-मागे झालं असेल तर सांगा."

"छोटू," लाँड्रीवाला खुंटांकडे बोट दाखवत म्हणाला, "मी काय म्हटलं होतं?"

"पुढचं गुडघ्याएवढं कर, मागच्याला हात लावू नकोस."

"मग हे कुठलं?"

"पुढचं! तुम्ही मागच्या दारात उभं राहून हात केलात. माझ्यापुढे हेच होतं. आमच्या धंद्यात भावोजी, समोर येईल ते कापायचं असतं."

बायकोने कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, दुकानाचं पुढचं म्हणजे रस्त्याकडचं! आज दुपारी पाहणी आहे रे!"

पाहणीचं असं होतं. लाँड्री वाढवायची म्हणून नवराबायकोने मागच्या अंगणात मोठी धुलाईयंत्रं आणि कपडे वाळवायचे ड्रायर बसवले होते. नियम असा की धंद्याचं अंगण कुणाच्या राहत्या घराला लागून असेल, तर हद्दीवर जिवंत झाडांचा आडोसा हवा. माणसाच्या उंचीहून उंच आणि इतका दाट की पलीकडून काही दिसता कामा नये. त्याच नियमात पुढे म्हटलं होतं की रस्त्याच्या वळणावरची झाडं मात्र गुडघ्याच्या वर जाऊ द्यायची नाहीत, गाडीवाल्यांना पलीकडचं दिसायला हवं. म्हणजे मागे उंच, पुढे बुटकं. दोघांनी दोन वर्षं मागच्या झुडपांना खत घातलं होतं, रोज दोन वेळा पाणी घातलं होतं, कीड दिसली तर एकेक पान पुसलं होतं. आज पाहणीत पास झालं की यंत्रं सुरू होणार होती आणि उद्यापासून एका मोठ्या हॉटेलच्या चादरी येणार होत्या. हॉटेलवाल्यांनी बजावून ठेवलं होतं, उद्या म्हणजे उद्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो.

"फुर्रर्र!"

शिट्टी वाजली. तिघांनी वर पाहिलं. पलीकडच्या घराच्या बसक्या बाल्कनीत पंचकाका उभे होते. उभा जन्म फुटबॉलच्या सामन्यांत पंचगिरी करून निवृत्त झालेले गृहस्थ, घरात एकटेच. मैदान सुटलं तरी शिट्टी गळ्यातून उतरली नव्हती. सकाळी चहा पिताना लोकांची अंथरुणं-पांघरुणं बघायची नाहीत, अशी तक्रार त्यांनीच केली होती आणि त्या तक्रारीपायीच हा आडोसा लावावा लागला होता.

"फाउल!" पंचकाका ओरडले. "मला तुमचं अख्खं अंगण दिसतंय!"

"आम्हालाही तुम्ही दिसताय, काका," छोटू म्हणाला.

"तू गप्प बस," बहीण म्हणाली.

लाँड्रीवाल्याने रोपवाटिकेला फोन लावला. पुरुषभर उंचीची झाडं आत्ताच्या आत्ता हवीत म्हटल्यावर पलीकडचा माणूस मनापासून हसला. "शेठ, माझ्याकडे आहेत ती रोपं वीतभर. रोज पाणी घाला, दोन वर्षांनी फोन करा." लाँड्रीवाल्याने फोन ठेवला आणि त्याची नजर हॉस्पिटलच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर गेली. ऑपरेशनच्या खोलीतल्या हिरव्यागार चादरी! तो एकदम उठला. दोरी बांधली, चादरी पसरल्या, चिमटे लावले. लांबून पाहिलं तर खरंच हिरवंगार दिसत होतं.

"फुर्रर्र! जिवंत! नियमात जिवंत म्हटलंय!" वरून आवाज आला. "चादर काय श्वास घेते होय?"

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि चादरी फुगल्या.

"घेतेय की, काका," छोटू म्हणाला.

बायकोने मात्र चादरी ओढून काढल्या. तिचे डोळे एकदम चमकले होते. "अहो, पुढचं कुंपण अजून उभंच आहे ना?"

"आहे की. ते कापायचं राहिलंच!"

"ते कापायचंच आहे. तिथली उंच झाडी निघेल, ती इथे आणायची. या खुंटांना बांधायची. एक दुपार हिरवी राहील की नाही?"

छोटूने मांडीवर थाप मारली. "ताई, कळलं! टक्कल पडलंय, टोप बसवायचा! अगं, हे तर माझं रोजचं काम!"

मग जे सुरू झालं त्याला धांदल हा शब्द पुरला नसता. छोटू पुढे कापत होता. या वेळी बहिणीने त्याचा खांदा धरून त्याला योग्य कुंपणासमोर उभं केलं होतं. लाँड्रीवाला फांद्यांचे भारे खांद्यावर घेऊन दुकानातून मागे पळत होता. बायको फांदी खुंटाला लावून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी घट्ट करत होती. चिमटे संपले तेव्हा तिने सुतळी काढली, सुतळी संपली तेव्हा गिऱ्हाइकांच्या टायांवर तिची नजर गेली, पण तिने मन आवरलं. कोट न्यायला आलेले एक बँकेतले साहेब काउंटरवर टिचक्या मारत उभे होते, पळता पळता लाँड्रीवाल्याने "जरा धरता का?" म्हणून त्यांच्या हातात एक भारा दिला, आणि कसं कोण जाणे, थोड्या वेळाने साहेबही बाह्या दुमडून मागे-पुढे पळू लागले.

"डावीकडे फट आहे!" बाल्कनीतून आवाज आला. कुणी लक्ष दिलं नाही. "अहो, डावीकडे म्हणतोय! मला ड्रायर दिसतोय तिथून!"

बायकोने डावीकडे एक फांदी खोवली.

"शाब्बास! आता मधली जरा उचला. आणखी! हं, बास! ए उंच पोरा, बूच मारल्यासारखा मधे काय उभा राहतोस, पळ, वेळ संपत आलाय!"

पंचकाका बाल्कनीच्या कठड्यावर अर्धे ओणवे झाले होते. त्यांचा चहा केव्हाच निवला होता. आपण कुठल्या बाजूचे आहोत हे त्यांचं त्यांनाच आठवत नव्हतं. शेवटची फांदी बसली आणि त्यांना अंगण दिसायचं बंद झालं, तेव्हा त्या हिरव्या भिंतीपलीकडून नुसताच आवाज आला, "छान! उत्तम! पण आता मला काहीच दिसत नाहीये!"

"तेच तर हवं होतं ना तुम्हाला, काका?" बायको ओरडली.

पलीकडून शिट्टीचा एक बारीक, अर्धवट सूर तेवढा आला.

पाहणीला निरीक्षकबाई आल्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, हातात मोजपट्टी. त्यांनी पुढचं कुंपण मोजलं. "गुडघ्याएवढं. छान. ताजं कापलंय वाटतं?"

"अगदी आत्ताच," लाँड्रीवाला म्हणाला. त्याच्या केसांत एक डहाळी अडकली होती. बायकोने ती पाठीमागून हळूच काढली.

मागे आल्यावर बाई कुंपणासमोर थांबल्या. वर पाहिलं, खाली पाहिलं. चौघांचे श्वास अडकले. चौघांचे, कारण कोट मिळूनही बँकेतले साहेब अजून गेले नव्हते.

"दाट आहे," बाई म्हणाल्या. "सुरेख वाढवलंय. पण हे चिमटे कसले?"

"कोवळ्या फांद्यांना आधार," बायको पटकन म्हणाली.

"आमच्याकडे क्लिपा लावतात तसं," छोटू म्हणाला. बहिणीने त्याच्या पायावर पाय दिला.

बाईंनी मान डोलावली. मोजपट्टी गुंडाळली. लाँड्रीवाल्याला गहिवरून आलं. हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरी त्याच्या डोळ्यांपुढे तरळू लागल्या.

"ठीक आहे तर. फक्त एकदा यंत्रं चालू करून दाखवा. आवाज किती होतो तेवढं बघते आणि निघते."

लाँड्रीवाल्याने आनंदाच्या भरात सगळे ड्रायर एकदम चालू केले. ड्रायरची गरम हवा ज्या जाड नळ्यांतून बाहेर पडते, त्या नळ्यांची तोंडं कुंपणाच्या दिशेला होती. इतके दिवस मुळं धरून उभ्या असलेल्या झाडांना त्याचं काही झालं नसतं.

आधी पानं माना टाकू लागली. मग एक चिमटा टक् करून उडाला. मग दुसरा. मग टक् टक् टक् टक् असा नुसता धडाका सुरू झाला, आणि एकेक फांदी सावकाश, अदबीने, निरीक्षकबाईंना नमस्कार केल्यासारखी वाकून आडवी झाली. एक हलकी फांदी हवेवर वर गेली आणि सरळ पंचकाकांच्या बाल्कनीत जाऊन पडली.

बायकोने ड्रायर बंद केले. शेवटचा चिमटा बाईंच्या चपलेपाशी येऊन थांबला.

"टोप उडाला," छोटू पुटपुटला.

मग लाँड्रीवाल्याने सगळं खरं सांगून टाकलं. पुढचं, मागचं, समोर येईल ते कापणारा मेहुणा, दोन वर्षांचं खतपाणी, उद्याचं हॉटेल. बायको पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होती. छोटूने यंत्र जमिनीवर ठेवलं आणि म्हणाला, "बाई, चूक माझी आहे. नापास करायचं तर मला करा."

"मेहुण्यांना नापास करायचा नियम नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी मान दुसरीकडे वळवली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. पण पुन्हा वळल्या तेव्हा चेहरा गंभीर होता. "हे बघा, तक्रार आहे, आणि आडोसा नाही. मी काय करू?"

"फुर्रर्र!"

पंचकाका आले होते. बाल्कनीत नव्हे, खाली. हातात ती उडालेली फांदी घेऊन त्यांनी खुंटांवरून पाय टाकला आणि पहिल्यांदाच या अंगणात उतरले.

"तक्रार माझी होती. मी मागे घेतो."



"काका, तुम्ही?" लाँड्रीवाला म्हणाला.

"अहो, वर्षभर या झाडीमागून नुसते आवाज ऐकतोय. हे दोघं भांडतात, हसतात, काहीतरी धाडकन पडतं, पुन्हा हसतात. काय झालं ते कळायला मार्ग नाही. सामना रंगात आलाय आणि आपण मैदानाच्या बाहेर! आज दिसलं सगळं." त्यांनी घसा खाकरला. "एवढं चांगलं खेळणारा संघ मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता."

बाईंनी चष्मा पुसला. खुंटांपाशी वाकून साल नखाने खरवडली. आत हिरवं होतं. "मुळं जिवंत आहेत, झाडं पुन्हा वाढतील. ज्यांच्यासाठी आडोसा, त्यांचीच हरकत नसेल, तर वाढेपर्यंत यंत्रं चालवायला मोकळीक देता येते. पण वाढू द्यायची. आणि त्या नळ्यांची तोंडं फिरवून घ्या."

छोटूने बाईंना उचलायचंच बाकी ठेवलं. बँकेतल्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बायको हसत होती की रडत होती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी हॉटेलची गाडी आली, चादरींचे डोंगर उतरले, आणि बाल्कनीत चहाचा कप घेऊन बसलेल्या पंचकाकांनी शिट्टी वाजवून काम सुरू करून दिलं.

झाडं वाढत गेली. गुडघ्याची कमरेला आली, कमरेची छातीला. आणि एके दिवशी निरीक्षकबाई पुन्हा दारात उभ्या.

"त्याच घरातून तक्रार आहे," बाई म्हणाल्या. "कुंपण वाढतंय आणि त्यांना तुमचं अंगण दिसेनासं झालंय."

"मग आता कापायचं?"

"छे! आडोसा हवाच, नियम आहे. मी त्यांना सांगितलं, बघायचंच असेल तर आत जाऊन बसा. आत बसायला कुठलाही नियम आडवा येत नाही."

त्या दिवसापासून पंचकाका खुर्ची घेऊन अंगणातच बसू लागले. बायको चहा आणून देई, ते चादरींच्या घड्यांची टोकं जुळवून देत आणि कोणाचं काम चुकलं की शिट्टी वाजवत. पहिल्या दिवशी चहाचा घोट घेता घेता त्यांनी समोर पाहिलं. झाडांच्या शेंड्यांवरून त्यांचं स्वतःचं घर दिसत होतं. बाल्कनीत छताजवळ बांधलेल्या दोरीवर त्यांचे विरलेले बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या विजारी वाऱ्यावर नाचत होत्या.

पंचकाकांनी कप खाली ठेवला.

"हे रोज असं दिसतं इथून?"

"रोज," बायको म्हणाली.

"आणि तुम्ही कधी तक्रार केली नाहीत?" ते लाँड्रीवाल्याकडे वळले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "अहो, ते खत जरा जास्त घालत चला ना."