अण्णांच्या हॉलमधली कंपनी

सोमवारी सकाळी ऑफिसचं दार उघडून काका आत गेले आणि जागच्या जागी थिजले. आत काहीच नव्हतं. टेबलं नव्हती, खुर्च्या नव्हत्या, भिंतीवरचा पांढरा फळा नव्हता. ज्यात एकदा बसलं की उठायला दुसऱ्याचा हात लागायचा, तो पिवळा गुबगुबीत बीनबॅगही नव्हता. चोरी झाली म्हणावी, तर चोरांनी जाताना केर काढला होता.

काका हे तिथे कुणाचे सख्खे काका नव्हते. चाळिशीला टेकलेला, डोक्यावर बऱ्यापैकी केस असलेला माणूस. पण त्या स्टार्टअपमध्ये बाकी सगळे इतके कोवळे होते की पहिल्याच दिवशी त्यांचे काका झाले आणि ते कायमचे. लोकांच्या घरचे बिघडलेले मिक्सर, इस्त्र्या, पंखे मोबाइलवरून मागवायचे आणि दुरुस्त करून घरपोच द्यायचे, असा कंपनीचा उद्योग. तिथे कुणी साहेब नव्हता, हजेरीचं रजिस्टर नव्हतं, आणि काकांनी तोंड उघडलं की लोक खरोखर ऐकून घ्यायचे. जुन्या ऑफिसात हे सुख त्यांना कधी लाभलं नव्हतं. त्याच्या बदल्यात हिशेब बघणं, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणं आणि पाळी आली की बेसिन घासणं, हेही त्यांच्याच अंगावर पडायचं. तरीही काका खूश होते.

खुशीत एकच खडा होता. जुनी पक्की नोकरी सोडल्याचं त्यांनी वडिलांना सांगितलंच नव्हतं.

अण्णा त्याच ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. निरोप समारंभात साहेबांनी भाषणभर त्यांना भलत्याच नावाने गौरवलं, म्हणून पुन्हा त्या जिन्याची पायरी चढणार नाही असं त्यांनी जाहीर केलं होतं. पण मुलगा तिथेच चिकटला याचा त्यांना कोण अभिमान. हे सुख हिरावून घ्यायचं काकांच्या जिवावर आलं होतं. म्हणून वर्ष होत आलं तरी ते रोज कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे आणि ऑफिसात पोचल्यावर टीशर्ट चढवायचे. बायकोला सगळं ठाऊक होतं, कारण टीशर्ट धुवायला तिच्याकडेच यायचे.

काकांनी कॅप्टनला फोन लावला. कंपनी ज्याने काढली त्या पोराला सगळे कॅप्टन म्हणायचे.

"काका, आहात कुठे? आम्ही केव्हाचे पोचलोय तुमच्याकडे," कॅप्टन म्हणाला.

"माझ्याकडे म्हणजे?"

"तुमच्या घरी. शुक्रवारी ग्रुपवर ठरलं नाही का? तुमचाच अंगठा सगळ्यात आधी आला होता."

कंपनीत निर्णय ग्रुपवर व्हायचे. कुणीही प्रस्ताव टाकायचा, बाकीच्यांनी खाली अंगठ्याचं चित्र टाकायचं, की तासाभरात अंमलबजावणी. दिवसाला इतके प्रस्ताव यायचे की काका वाचायच्या भानगडीत पडत नसत. आपण मागासलेले वाटू नये म्हणून दिसेल त्याला ते अंगठा देऊन मोकळे व्हायचे. आता त्यांनी मागे जाऊन पाहिलं. भाडं परवडत नाही, काकांचा हॉल मोठा आहे, सोमवारपासून ऑफिस तिकडे हलवू या, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याखाली, ॲपवरचा पत्ताही तसाच बदलू या. दोन्हीखाली काकांचा अंगठा होता.

"दार कुणी उघडलं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"अण्णांनी. एकदम भारी माणूस आहे."

काका रिक्षाने घरी आले तेव्हा दारात चपलांचा ढीग आणि चार पंखे होते. नव्या पत्त्यावर गिऱ्हाइकं स्वतःच वस्तू आणून टाकायला लागली होती. एक बाई मिक्सर छातीशी धरून उभी होती आणि आधी तिचं बघा म्हणून काकांच्या बायकोशी हुज्जत घालत होती. बायकोने काकांकडे असं पाहिलं की त्या बाईची हुज्जत परवडली असं त्यांना वाटलं.

हॉलमध्ये पांढरा फळा काचेच्या कपाटाला टेकवला होता. पोरंपोरी लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवर पसरली होती. कपडे वाळत घालायच्या दोरीवर वायरी लोंबत होत्या. आणि या सगळ्याच्या मधोमध, त्या पिवळ्या बीनबॅगमध्ये, गुडघे हनुवटीपाशी आलेल्या अवस्थेत अण्णा बसले होते. त्यांना उठता येत नव्हतं आणि ते कुणाला सांगतही नव्हते.

"अण्णा, ही आपल्या ऑफिसची मुलं. ट्रेनिंगला आलीयेत," काका एका दमात म्हणाले.

"असं होय." अण्णांचा चेहरा जरा उजळला. "मग यांचे साहेब कुठायत?"

कॅप्टन हाफ पँटमध्ये होता. आमच्यात साहेब कुणीच नसतो, असं त्याने आनंदाने सांगितलं. मग काकांच्या खुणा, खोकला, डोळे वटारणं यातलं काहीही लक्षात न घेता त्याने कंपनीची थोरवी गायला सुरुवात केली. वेळेचं बंधन नाही, रजेचा अर्ज नाही, ज्याला सुचेल त्याने करायचं. काका तर पहिल्यापासूनचे, त्यांच्याशिवाय कंपनी उभीच राहिली नसती.

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आणि तोटे?" त्यांनी विचारलं.

कॅप्टन प्रामाणिक मुलगा होता. "तोटा एकच, अण्णा. पुढच्या वर्षी कंपनी असेल की नाही, ते आम्हालाही माहीत नाही. पण त्यातच खरी मजा आहे."

अण्णांचा रंग उडाला होता. काकांनी धावत जाऊन पाण्याचा पेला आणला, तो अण्णांनी घेतला नाही.

"तू नोकरी सोडलीस?" ते काकांना म्हणाले.

"हो, अण्णा."

"कधी?"

"झालं वर्ष."

अण्णांनी हात पुढे केला. काकांना वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण तो हात उठण्यासाठी मदत मागणारा होता. काकांनी त्यांना ओढून उभं केलं. अण्णा आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. दुपारी जेवायला आले नाहीत, संध्याकाळी चहाही नको म्हणाले. काकांना फार लाज वाटली. वडिलांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते बायकोला म्हणाले. तीही तेच करायच्या बेतात होती, पण त्यांचा चेहरा पाहून गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, कुणाशी अवाक्षर न बोलता बाहेर पडले. कुठे गेले असतील हे ओळखायला काकांना वेळ लागला नाही. ज्या जिन्याची पायरी चढायची नाही असं ठरवलं होतं, तो जिना चढून म्हातारा आपल्या नोकरीसाठी हातापाया पडणार, या विचाराने त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. दिवसभर त्यांनी ग्रुपवर एकही अंगठा दिला नाही, त्यामुळे कंपनीचं काम ठप्प झालं.

संध्याकाळी अण्णा परत आले. एका मुलीने उठून त्यांना साधी लाकडी खुर्ची दिली.

"गेलो होतो तुझ्या ऑफिसात," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुम्ही कशाला..."

"ऐकून घे. तू गेलायस हे तिथे कुणाला माहीतच नाही."

काकांना नीट कळलं नाही. "म्हणजे? मी राजीनामा दिलाय. पगार बंद झालाय माझा."

"रजिस्टरात सही नाही म्हणून पगार तेवढा न विसरता बंद केलाय त्यांनी. पण राजीनाम्याचे कागद तुमच्या ऑफिसात कुणाच्या टेबलावरून पुढे जातात?"

काकांनी आठवून पाहिलं आणि त्यांचा आ वासला. "माझ्या."

"तिथेच पडलाय. पुढे पाठवायला टेबलावर माणूस नाही. साहेब मला म्हणाले, चिरंजीव हल्ली दिसत नाहीत, तब्येत बरी आहे ना?"

कॅप्टनच्या हातातला मार्कर खाली पडला. चार अंगठ्यांवर ऑफिस हलवणाऱ्या पोराला हे झेपण्यासारखं नव्हतं.

"मग तुम्ही काय केलंत?" काकांनी विचारलं.

"काय करणार? पाय दुखत होते, तुझ्या खुर्चीत जरा टेकलो. समोर फायली होत्या, दोन-चार हातावेगळ्या केल्या. शिपायाने चहा आणून ठेवला. कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही." अण्णांच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी तरतरी दिसत होती. "काय शांतता आहे रे तिथे."

"आणि माझा राजीनामा? तो पाठवलात ना पुढे?"

"बघू. घाई काय आहे," अण्णा म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "सूनबाई, उद्यापासून माझा डबा भर. या गोंधळात मला बसवत नाही."

"पण अण्णा," काका म्हणाले, "तुम्ही निवृत्त झालात."

अण्णा शर्टाची बटणं काढत आतल्या खोलीकडे निघाले होते.

"ते त्यांच्या लक्षात येईपर्यंत जातो."