परबकाकांचा आवडता नंबर

मुलांनो, आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले परबकाका नव्या माणसाचं नाव विचारत नाहीत. नंबर विचारतात. स्कूटरचा, विजेच्या बिलाचा, कुठलाही. संख्या जितकी मोठी तितके काका खूश. मग ती सम की विषम, मूळ की संयुक्त, कशाकशाने भागते, हे शोधून घरपोच सांगतात. माझ्या गॅसच्या नंबराबद्दल म्हणाले, "मूळ संख्या. एक आणि स्वतः सोडून कोणाला दाद देत नाही. तुमच्यावर गेलीय."

काका गणिताचे निवृत्त मास्तर, तेही मराठी शाळेतले. मी इंग्रजीतून शिकले, म्हणून ज्याला फॅक्टर म्हणते त्याला ते अवयव म्हणतात. त्यावरूनच घोटाळा झाला.

दुसऱ्या मजल्यावर रोहिणी कांबळे राहायला आली. हॉस्पिटलात नर्स आहे. सकाळी ड्युटीवरून दमून येते, तर लिफ्टमध्ये काका. "तुमचा नंबर द्या गो. संध्याकाळपर्यंत सगळे अवयव पाडून देतो!"

तिने वॉचमनलाच हाक मारली आणि काकांना सुनावलं, "अवयव पाडत नाहीत हो, काढतात! तेही नातेवाइकांची सही घेऊन!"

सगळी सोसायटी हसली. काका मात्र त्या दिवसापासून खाली यायचे बंद झाले. दूधवाला मला म्हणाला, "आजी, काकांची बॅटरी डाऊन आहे." ते कोणाला काही विचारीनासेच झाले, आणि मला करमेना.

शेवटी मी रोहिणीला अवयवांचा अर्थ समजावला. तिने कपाळावर हात मारला. "अगं आई गं! आजी, चला वर."

काकांनी दार उघडलं, पण नजर खाली. रोहिणीनेच सुरुवात केली. "काका, सगळ्यांचे नंबर विचारता. तुमचा कुठला?"

काका गडबडले. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

"सात लाख वीस हजार सातशे वीस," ते हळूच म्हणाले. "एकापासून सोळापर्यंत कशानेही भागा, बाकी शून्य. याहून लहान संख्येला हे जमत नाही."

"पण हीच का आवडते?"

"पाहुणे किती येतील, काय सांगता येतं? दोन येवोत, अकरा येवोत, सगळ्यांना सारखं मिळतं. कोण उरूक नको."

मांडणीवर स्टीलची ताटं चकचकीत घासून उभी होती. घरात माणूस एकच.

"आणि सतरावा आला तर?" रोहिणीने खोडी काढली.

"तर मी मागाहून जेवेन. त्यात काय!"

रोहिणी चप्पल काढून खाली बसली. "आज तिघं आहोत. काय आहे खायला?"

"घावणे घालतो," म्हणत काका लगबगीने आत गेले. तव्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा.

"कांदा चिरतोय गो," ते आतून म्हणाले.

घावण्यांना कांदा लागत नाही.